व्यावसायिक पत्रलेखन : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी

अष्टांगहृदयावरील ‘आयुर्वेदरसायन’ टीकेचा कर्ता हेमाद्री आपणां सर्वांस परिचित आहे. देवगिरीच्या यादवांच्या या मंत्र्याच्याच नावे पत्रलेखनाचे दंडक सांगणारे ‘मेस्तक’ही परंपरेने सांगितले जाते. वैद्यक व लेखनव्यवहार यांचे नाते असे जुने आहे. तथापि केळझरसारख्या गावातील वैद्य औषधनिर्मात्याशी बहुधा दूरध्वनीवरच बोलतो आणि बोललेल्याचा पुरावा उरत नाही. अवलेहास बुरशी आढळल्यास त्याच बॅचची बरणी अन्य रुग्णांच्या हाती जाऊ नये, यासाठी पत्रच हवे.

पत्राची अंगे

१. शीर्ष : चिकित्सालयाचे वा दुकानाचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक; उजवीकडे जावक क्रमांक व दिनांक.

२. प्रति : व्यक्तिनामापेक्षा पदनाम लिहावे. माणसे बदलतात, पद राहते.

३. विषय व संदर्भ : विषय एका ओळीत, संदर्भात देयकाचा क्रमांक व दिनांक.

४. मजकूर : तीन लहान परिच्छेद. काय आढळले, आपण काय केले, काय अपेक्षित आहे व किती दिवसांत.

५. शेवट : ‘आपला विश्वासू’, स्वाक्षरी, शिक्का, सहपत्रांची यादी.

औषध नियम, १९४५ मधील नियम १६१ नुसार वेष्टनावर बॅच क्रमांक, निर्मितीचा दिनांक व परवाना क्रमांक असतो. हे तिन्ही जसेच्या तसे उतरवावेत. अन्यथा निर्मात्यास शोध घेता येत नाही.

नमुना

विषय : अवलेहाच्या सदोष बॅचबाबत.

महोदय,
उपरोक्त देयकान्वये प्राप्त १२ बरण्यांपैकी २ बरण्या उघडताच पृष्ठभागी पांढरी बुरशी दिसली. उर्वरित १० बरण्यांची विक्री थांबवून त्या सीलबंद ठेवल्या आहेत. कृपया या बॅचची तपासणी करून १५ दिवसांत लेखी कळवावे व माल बदलून द्यावा.

दक्षता

पत्रात लक्षणे लिहावीत, निदान घाईने करू नये. ‘औषध बनावट आहे’ हा आरोप होतो. ‘बुरशी दिसली’ हे निरीक्षण. सर्व नमुने निर्मात्याकडे पाठवू नयेत. गंभीर प्रसंगी प्रत अन्न व औषध प्रशासनास द्यावी. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपालसेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. म्हणून पत्र स्पीड पोस्टने पाठवून पावती स्थळप्रतीस जोडावी. उत्तर न आल्यास स्मरणपत्रात पहिल्या पत्राचा जावक क्रमांक अवश्य द्यावा.