घरासाठी हवा-मापक यंत्र घ्यावे काय?

हिवाळ्यात वाराणसीत धुक्यासोबत धूरही जमिनीलगत साचतो. ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरातील जुन्या वाड्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी यंत्र घेण्यापूर्वी पुढील बाबी ध्यानी घ्याव्यात.

१. यंत्र काय मोजते?
सर्वसाधारण यंत्र सूक्ष्म धूलिकण (पीएम २.५) मोजते. रेडॉनसाठी निराळे यंत्र लागते.

२. धूलिकण
राष्ट्रीय मानकानुसार २४ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. शहरातील हवेची स्थिती ‘समीर’ अ‍ॅपवर विनामूल्य पाहता येते. दाट धुक्यात स्वस्त यंत्र वाढीव आकडा दाखवू शकते.

३. रेडॉन
माती व खडकांतील युरेनियमपासून निर्माण होणारा हा किरणोत्सारी वायू रंगहीन व गंधहीन असतो. त्याने फुप्फुसाचा कर्करोग संभवतो. धूम्रपान करणाऱ्यांना धोका अधिक. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी घनमीटरमागे १०० बेकरेल आहे. एक-दोन दिवसांच्या नोंदीवर विसंबू नये. तळमजल्यावर काही महिने मोजणी करावी.

४. निर्णय
घरात दम्याचा रुग्ण असल्यास आणि आकडा पाहून खिडक्या केव्हा उघडाव्यात हे ठरवणार असल्यास यंत्र उपयुक्त ठरते. अन्यथा तोच खर्च स्वयंपाकघरातील धूर बाहेर काढणाऱ्या पंख्यावर करावा.

सावधान! धूलिकण मोजणारे यंत्र कार्बन मोनॉक्साइडची सूचना देत नाही. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कदापि झोपू नये. शेगडीजवळ डोकेदुखी, चक्कर वा मळमळ जाणवल्यास सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.