जोड्या जुळविण्याचा खेळ

मनुष्याच्या डोळ्यांना एक उपजत खोड आहे. विखुरलेल्या वस्तू दिसल्या, की सारखी वस्तू सारखीजवळ नेऊन ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सुपात तुरीची डाळ घेऊन बसलेली आजी गोष्ट सांगता सांगता खडे वेगळे काढते. कापसाच्या राशीजवळ बसलेल्या बाया किडका कापूस एकीकडे व शुभ्र कापूस दुसरीकडे टाकीत जातात. हे काम करताना हात चालत असतात आणि मन मात्र शांत होत असते. पसाऱ्यातून व्यवस्था निर्माण झालेली पाहण्यात एक निर्मळ आनंद आहे.

या आनंदातून अनेक खेळ जन्मास आले. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा हा त्यांपैकीच एक. त्यात विष्णूच्या दहा अवतारांची दहा कुळे आणि प्रत्येक कुळाची १२ पाने, अशी एकूण १२० वाटोळी पाने असतात. खेळणाऱ्याला कोणते पान कोणत्या कुळाचे, हे ओळखून हातातील पाने लावून घ्यावी लागतात. खेळांची साधने काळाप्रमाणे बदलत गेली. डोळ्यांची खोड मात्र तीच राहिली.

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गोदावरीच्या खोऱ्यातील तालुक्याचे गाव. येथील बसस्थानकावर कोणत्याही दिवशी जाऊन पाहावे. माजलगावची किंवा मानवतची बस यायला वेळ असतो. बाकावर बसलेली माणसे फोन हातात घेऊन पडद्यावर बोट फिरवीत असतात. जवळ जाऊन पाहिले, तर पुष्कळांच्या पडद्यावर चिमुकल्या रंगीत सोंगट्या मांडलेल्या आढळतात. दोन किंवा तीन सारख्या सोंगट्या जुळल्या, की त्या नाहीशा होतात आणि पुढचा डाव सुरू होतो. यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. हा खेळ आला कोठून, आणि तो फुकट कसा मिळतो?

या खेळाच्या दोन शाखा आहेत. पहिल्या शाखेच्या उगमाशी एका धैर्यशील तरुणाची कथा आहे. ब्रॉडी लॉकर्ड हा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा विद्यार्थी उत्तम कसरतपटू होता. १९७९ साली कसरत करताना त्याला भीषण अपघात झाला व मानेखालील शरीर लुळे पडले. ज्याचे सर्व वैभव हातापायांच्या चपळाईत होते, त्याला आता हातही हलविता येईना. तरीही तो खचला नाही. तोंडात काठी धरून तिच्या टोकाने कळा दाबीत तो संगणकासाठी आज्ञा लिहू लागला, आणि १९८१ साली 'प्लेटो' नावाच्या संगणक-व्यवस्थेवर त्याने एक खेळ तयार केला. चिनी लोकांच्या माहजाँग या खेळातील १४४ सोंगट्या त्याने थरावर थर रचून मांडल्या. जिच्यावर दुसरी सोंगटी नाही आणि जिची डावी किंवा उजवी बाजू मोकळी आहे, तीच उचलावयाची. सारखी जोडी सापडली, की ती दूर करावयाची. अशा ७२ जोड्या निघाल्या, की पट रिकामा होतो व खेळ संपतो. १९८६ साली ॲक्टिव्हिजन या कंपनीने हाच खेळ 'शांघाय' या नावाने प्रसिद्ध केला.

हा खेळ दिसतो तितका सोपा नाही. समोर दिसली ती जोडी घाईने उचलली, तर खाली दडलेल्या सोंगट्यांची वाट कायमची बंद होऊ शकते. म्हणून उतावळ्यापेक्षा दोन पावले पुढचे पाहणाराच येथे यशस्वी होतो.

दुसरी शाखा रशियात उगवली. १९९४ साली एव्हगेनी अलेमझिन याने 'शारिकी', म्हणजे 'छोटे चेंडू', नावाचा खेळ रचला. त्यात शेजारच्या दोन चेंडूंची अदलाबदल करून एका रंगाचे तीन चेंडू एका ओळीत आणावयाचे असत. २००१ साली अमेरिकेत याच धर्तीवर 'बिज्वेल्ड' हा रत्नांचा खेळ निघाला. पुढे स्टॉकहोम येथे २००३ साली स्थापन झालेल्या 'किंग' या कंपनीने २०१२ साली 'कँडी क्रश सागा' हा गोळ्या-मिठाईचा खेळ आणला आणि तो घरोघरी पोहोचला. या शाखेत तीन गोळ्या नाहीशा होताच वरून नव्या गोळ्या खाली येतात. एक पायरी सर केली, की पुढची पायरी तयार असते. पट कधी कायमचा रिकामा होत नाही.

आता फुकटाचा विचार करू. आठवड्याच्या बाजारात गुळाचा व्यापारी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो. त्या खड्याचे तो पैसे घेत नाही. मग तो तोट्यात जातो काय? मुळीच नाही. खडा चाखण्यासाठी माणूस दुकानापाशी थांबला, यातच त्याचे अर्धे काम झालेले असते. फोनवरील खेळाचेही असेच आहे. खेळता खेळता मध्येच जाहिरात लागते. जाहिरात देणारा खेळाच्या मालकाला पैसे देतो, कशाचे? तर तुमचे डोळे काही क्षण त्याच्या मालाकडे वळले, याचे. शिवाय 'कँडी क्रश'सारख्या खेळात खेळणाऱ्याला पाच 'जीव' दिलेले असतात. डाव हरला, की एक जीव जातो, आणि तो परत मिळण्यास ३० मिनिटे लागतात. ज्याला धीर धरवत नाही, तो पैसे देऊन जीव किंवा जास्तीच्या चाली विकत घेतो. बहुतेक लोक काही देत नाहीत, थोडे लोक देतात. पण थेंबे थेंबे तळे साचते. ते तळे केवढे साचले पाहा. 'शांघाय' प्रसिद्ध करणारी ॲक्टिव्हिजन पुढे 'ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड' झाली. तिने 'किंग' ही कंपनी २०१६ साली सुमारे ५९० कोटी डॉलरना विकत घेतली. फुकट वाटल्या जाणाऱ्या खेळाची ही किंमत होती!

परंतु पैशाहून मोलाची एक वस्तू या व्यवहारात खर्च होते, ती म्हणजे वेळ. तो इतक्या सहजपणे का निसटतो, हे समजण्यास शास्त्राची मदत होते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. कळीवर चोच मारली, की दाणा मिळे. दर वेळी दाणा मिळणारे कबुतर, दाणा बंद झाल्यावर लवकरच चोच मारणे सोडून देई. पण ज्याला दाणा कधी मिळे व कधी मिळत नसे, ते कबुतर मात्र 'आता मिळेल, मग मिळेल' अशा आशेनेच जणू पुष्कळ वेळ चोच मारीत राही. वरून कोणत्या गोळ्या पडतील, हे खेळणाऱ्यालाही ठाऊक नसते. कधी एका चालीत अर्धा पट साफ होतो, तर कधी एका चालीने डाव हुकतो. मग 'एवढा एकच डाव' असे म्हणत बोट पुन्हा पुढे सरते.

थोडे गणित करून पाहा. दररोज केवळ अर्धा तास खेळले, तरी वर्षाचे १८२ तास ३० मिनिटे होतात. म्हणजे साडेसात अहोरात्रींहूनही अधिक काळ.

यावरून हा खेळ वाईट आहे, असे मात्र समजू नये. दमून आलेल्याला तो विसावा देतो. रुग्णाची घटकाभर करमणूक करतो. अंथरुणाला खिळलेल्या लॉकर्डच्या बुद्धीला तर खेळ घडविण्याच्या कामात विशाल अंगण सापडले. प्रश्न खेळाचा नाही, त्याच्या शेवटाचा आहे. सारीपाटात चारही सोंगट्या मध्यघरात पोहोचल्या, की डाव आपोआप संपतो. सागरगोटे खेळणाऱ्या मुलींचे हात दमतात, अंगणात अंधार पडतो, आई हाक मारते, आणि गोटे ओच्यात जातात. फोनवरच्या खेळात अंधार पडत नाही व हात दमत नाही. किंबहुना, तो संपू नये अशीच त्याची रचना केलेली असते. ज्या खेळाला स्वतःचा शेवट नाही, त्याला शेवट देण्याचे काम खेळणाऱ्यावर येते.

हे काम किती कठीण आहे, ते आपल्या महाभारताने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. धर्मराज युधिष्ठिर सत्यवचनी होता, शहाणा होता. परंतु द्यूताच्या पटावरून वेळीच उठणे त्याला जमले नाही. त्याने राज्य गमावले, भाऊ गमावले, स्वतःला गमावले, द्रौपदीलाही पणास लावले. तरी पुढचा डाव टाकण्याचा मोह सुटला नाही. आपल्या पटावर राज्य नसते; पण एखादे अर्धवट वाचलेले पुस्तक, मित्राशी करावयाच्या गप्पा किंवा रात्रीची गाढ झोप मात्र असते.

म्हणून खेळ सुरू करण्याआधीच तो कोठे संपवावयाचा, हे ठरवावे: दोन डाव, किंवा बस येईपर्यंत. नंतर डाव जिंकलेला असो वा हरलेला असो, फोन खाली ठेवावा. सोंगट्या जुळविणे ही डोळ्यांची हुशारी होय. जुळणारी सोंगटी समोर दिसत असताना हात मागे घेणे ही मनाची हुशारी होय. पहिली फोनवर शिकता येते. दुसरी मात्र ज्याची त्यानेच शिकावी लागते.

स्वाध्याय

१. लॉकर्डच्या खेळात उतावळा खेळाडू का हरतो?
२. गुळाचा व्यापारी व फुकट खेळ देणारी कंपनी यांत कोणते साम्य आहे?
३. 'ज्या खेळाला स्वतःचा शेवट नाही, त्याला शेवट देण्याचे काम खेळणाऱ्यावर येते.' हे विधान उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणच्या एका खेळाची माहिती विचारा. तो खेळ कसा संपत असे, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.