वाणांची परीक्षा : अनेक शेतें, एक निकाल

कोणता वाण पेरावा, हा प्रश्न प्रत्येक हंगामाच्या तोंडाशीं शेतकऱ्यापुढें उभा राहतो. निवड चुकली तर वर्षाची मेहनत वायां जाते. प्रयोगक्षेत्रावर वाणांची परीक्षा होते खरी. परंतु तेथें जमीन बहुधा एकाच मगदुराची, पाणी वेळेवर व खत मोजून दिलेलें असतें. आपल्या शेताची गोष्ट निराळी.

ही उणीव भरून काढणाऱ्या एका पद्धतीची रूपरेषा याकोब फान एटेन या शास्त्रज्ञानें २०११ सालीं मांडली. तींत प्रत्येक शेतकऱ्यास तीन वाणांचें थोडथोडें बियाणें मिळतें. पुड्यांवर नांवें नसून केवळ अ, ब, क अशा खुणा असतात. कारण नांव कळलें कीं मत आधींच बनतें. हे तिन्ही शेजारीं शेजारीं पेरून एकसारखी मशागत करावयाची. मग उगवण, रोग, उत्पन्न अशा एकेका गुणाविषयीं दोनच प्रश्न : तिहींत सर्वांत चांगला कोणता व सर्वांत हलका कोणता ? मधला आपोआप ठरतो. तराजूचीहि गरज पडत नाहीं.

सर्वांस तेच तीन वाण मिळत नाहींत. तथापि वाटणी अशी असते कीं, प्रत्येक वाण पुष्कळांच्या शेतांत जातो. एका शेतांत पहिला वाण दुसऱ्याहून सरस ठरला व अन्य शेतांत दुसरा तिसऱ्याहून सरस ठरला, तर पहिल्या-तिसऱ्याचीहि तुलना करतां येते. अशीं हजारों उत्तरें जुळविण्याचें काम संगणक करतो. तसेंच त्या त्या ठिकाणच्या हवामानाशीं त्यांची सांगड घालतो. एखाद्याची नजर चुकली तरी सर्वांच्या चुका एकाच बाजूस झुकत नाहींत, म्हणून निकाल बिघडत नाहीं.

२०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत निकाराग्वांतील घेवडा, इथिओपियांतील डुरम गहूं व भारतांतील गहूं मिळून शेतकऱ्यांनीं स्वतः केलेले १२,४०९ तुकडे होते. त्यांपैकीं बहुतेक भारतांतील होते. हवामान जमेस धरल्यानें वाणांची शिफारस अधिक अचूक झाली, असें त्यांत दिसून आलें.

आमच्या मतें येथें यंत्राहून योजनेचें महत्त्व अधिक आहे. शेतकऱ्यास जें डोळ्यांनीं दिसतें तेंच विचारावें, काम थोडें द्यावें, आणि निकाल त्याच्या हातीं परत पोंचवावा. माहिती घेऊन निकाल न कळविणाऱ्यास दुसऱ्या वर्षीं कोण उत्तर देईल ?

ही रीत लहान प्रमाणावर गांवींहि करून पाहतां येईल. दहा-पंधरा सभासदांनीं तेच तीन वाण घ्यावे. पुड्या न पेरणाऱ्या एका गृहस्थानें बांधाव्या व खुणांची यादी आपल्यापाशीं ठेवावी. खुणांचा क्रम प्रत्येकाकडे निराळा असावा. म्हणजे एकमेकांस विचारून उत्तर देण्याचा मोह होणार नाहीं. सर्वांचीं उत्तरें लेखी आल्यावरच यादी उघडावी.