जुना संगणक : घराच्या जाळ्याचा द्वारपाल

जुन्या संगणकाचे मोल आपण त्याच्या वेगावरून ठरवितो. नव्या आज्ञावली त्याला पेलवत नाहीत, म्हणून तो माळ्यावर जातो आणि एके दिवशी भंगारवाल्याच्या तराजूत पडतो. परंतु दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणकही एक काम चोख करू शकतो. ते म्हणजे घराच्या उंबरठ्यावर पहारा देण्याचे. ते कसे, हे या पाठात आपण क्रमाने पाहू.

प्रथम राउटर आणि फायरवॉल या दोन संज्ञा समजून घेऊ. इंटरनेट सेवा देणारी कंपनी घराला बहुधा एकच पत्ता देते. घरातील मोबाइल, दूरचित्रवाणी संच व मुलांचा लॅपटॉप यांना मात्र 192.168 ने सुरू होणारे खासगी पत्ते असतात. या दोहोंमध्ये टपाल वाटणारा तो राउटर. फायरवॉल आतून गेलेल्या प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो, तिचे उत्तर आले की आत घेतो आणि न बोलावता आलेल्यास दाराबाहेरच थांबवितो. कंपनीची पेटीही हे काम करते. परंतु तिच्या आज्ञावलीची सुधारणा पुष्कळदा थांबलेली असते आणि तिचे नियम आपल्या हाती पूर्णपणे नसतात.

साहित्य थोडकेच लागते : 64 बिटचा प्रोसेसर, 4 जीबी मेमरी, लहानशी एसएसडी आणि नेटवर्कची दोन द्वारे. बहुतेक संगणकांना एकच द्वार असते. दुसऱ्यासाठी स्वतंत्र नेटवर्क कार्ड बसवावे. आतील धूळ काढावी. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरीही बदलावी. घड्याळ चुकले की सुरक्षा प्रमाणपत्रांची पडताळणी फसते.

आज्ञावली म्हणून ओपीएनसेन्स घेऊ. ती विनामूल्य असून पीएफसेन्स या प्रकल्पातून 2015 साली वेगळी झाली. ती पेन ड्राइव्हवर उतरवून जुन्या संगणकात बसवावी. या क्रियेत डिस्कवरील सर्व काही पुसले जाते. म्हणून घरची छायाचित्रे व कागदपत्रे आधी अन्यत्र उतरवून ठेवावीत.

आता जोडणी. कंपनीच्या पेटीची वायर एका द्वारात आणि घरच्या स्विचची दुसऱ्यात घालावी. दोन्हीकडे 192.168.1 हीच पत्त्यांची मालिका आल्यास गोंधळ होतो. अशा वेळी आतली मालिका 192.168.10 करावी. आधीचा वायफाय राउटर टाकून देऊ नये. त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करावे, त्याला 192.168.10.2 असा स्वतंत्र पत्ता द्यावा आणि लॅन द्वारातून स्विचला जोडावे. घरभर वायफाय पूर्ववत मिळतो. मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा आणि मांडणीची एक प्रत जपून ठेवावी.

यानंतर नियम आपल्या हाती येतात. अभ्यासाच्या वा निजण्याच्या वेळी ठरावीक उपकरणांचे इंटरनेट थांबविता येते. घातक संकेतस्थळांच्या याद्या जोडून ती घरापुरती रोखता येतात.

विजेचा हिशेब मात्र आधी मांडावा. 40 वॅट खाणारा संगणक अहोरात्र चालला तर दिवसाला सुमारे 1 युनिट, म्हणजे महिन्याला 29 युनिट जळतात. 80 वॅटला त्याच्या दुप्पट. म्हणून मोठ्या डेस्कटॉपपेक्षा कमी वीज घेणारा छोटा संगणक निवडणे शहाणपणाचे. वीज जाण्याचा त्रास असेल तर इन्व्हर्टरचा आधार द्यावा.

या पहारेकऱ्याची मर्यादाही ओळखावी. फोनवरील गोड बोलण्याला भुलून आपणच ओटीपी सांगितला, तर कोणताही फायरवॉल आपल्याला वाचवू शकत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगणे हा त्याच सुरक्षेचा दुसरा अर्धा भाग होय. म्हणूनच ही जोडणी एकट्याने करू नये, मुलांना सोबत घ्यावे. आपल्या घरात काय येते, बाहेर काय जाते आणि ते कोण ठरविते, हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, तो पुढे कोणत्याही पडद्यासमोर सावधपणे बसतो.