कागदावरची सुईण आणि हातातली सुईण

प्रश्न : माझ्या आजीच्या हातून गावातली कितीतरी बाळं जन्माला आली. तिच्याकडे कसलाही दाखला नव्हता. माझ्या भाचीनं बीएस्सी नर्सिंग केलं, तिच्या नोंदणीत ‘मिडवाइफ’ असं लिहिलेलं आहे; पण एकटीनं बाळंतपण करायचं म्हटलं की तिला धडकी भरते. मग सुईण व्हायला नेमकं काय शिकावं लागतं?
— एक वाचक, वाई

उत्तर : भाचीची धडकी प्रामाणिक आहे, आणि त्यात तिचा दोष फारसा नाही. आपल्याकडे तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग केलं, की परिचारिका आणि प्रसाविका या दोन्ही नोंदण्या एकदमच मिळतात. (उपकेंद्रातल्या सिस्टरचा एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निराळा.) बाळंतपण हा शुश्रूषेच्या अनेक विषयांतला एक विषय ठरतो. मोठ्या रुग्णालयात एका खाटेभोवती शिकाऊ डॉक्टर आणि नर्सिंगच्या मुली सगळेच उभे असतात. कुणाच्या वाट्याला बाळाचं डोकं झेलणं येतं, कुणाच्या वाट्याला ट्रे धरणं.

युरोपीय संघानं हा प्रश्न आकड्यानं सोडवला. तिथं परिचारिका न होताही थेट सुईणीचं शिक्षण घेता येतं. ते पूर्ण वेळ किमान तीन वर्षं चालतं, आणि त्यात गरोदर बायकांच्या किमान 100 तपासण्या आणि स्वतःच्या हातानं 40 बाळंतपणं करावी लागतात. तेवढी मिळालीच नाहीत तर 30 चालतात, पण मग आणखी 20 बाळंतपणांत मदतनीस म्हणून राबावं लागतं. मला ही अट फार महत्त्वाची वाटते, कारण हे ज्ञान बोटांत उतरावं लागतं. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठं आहे ते ओळखणं, कळा चालू असताना ठोके ऐकणं, बाळंतपणाची प्रगती नोंदवणाऱ्या पार्टोग्राफच्या कागदावर रेघ उजवीकडे सरकू लागली की बाई अडते आहे हे वेळेत जाणणं. आणि बाळ रडलं, घरचे हसले, तरी सुईणीचं लक्ष बाळंतिणीवरून हटता कामा नये. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन. मग वार पूर्ण पडली का, गर्भाशय हाताला घट्ट लागतं का, हे पुन्हा पुन्हा पाहणं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थोड्या वेळात जीव घेतो. गाडी कधी बोलवायची, हे ठरवणं हाही या शिक्षणाचाच भाग.

आपल्याकडे उशिरा का होईना, जाग आली. तेलंगणानं 2017 मध्ये पुढाकार घेतला, 2018 मध्ये केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि नोंदणीकृत परिचारिकांसाठी 18 महिन्यांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ अभ्यासक्रम ठरला. नर्स असलेल्या मुलीसाठी आंतरराष्ट्रीय सुईण महासंघानं सांगितलेली किमान मुदतही तेवढीच आहे. या शिक्षणाचं नियमन करणाऱ्या 1947 च्या कायद्याच्या नावात फक्त नर्सिंग होतं. त्याच्या जागी 2023 मध्ये आलेल्या आयोगाच्या कायद्यात मिडवायफरी हा शब्द नावातच आहे.

आजीबद्दलही सांगायला हवं. तिचा हात अनुभवी होता. पण नाळ कापायला विळा किंवा जुनं पातं वापरलं गेलं की बाळाला धनुर्वात होई. म्हणून पुढं दाईंना हात, जागा, पातं, दोरा आणि नाळेचं टोक अशा पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या. दवाखान्यातली बाळंतपणं, गरोदरपणीची लस आणि ही स्वच्छता मिळून 2015 मध्ये नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून जवळपास हटला.

भाचीला सांगा, शिकतानाच्या नोंदवहीत पाहिलेली बाळंतपणं वेगळी मोज आणि स्वतः केलेली वेगळी. दुसरा आकडा लहान असेल, तर लेबर रूममधली नेमणूक मागून घे आणि तिथल्या सर्वांत जुन्या सिस्टरच्या पाळीला जा. सरकारी नोकरीत असेल, तर कुशल प्रसूतीसाहाय्याचं 21 दिवसांचं प्रशिक्षणही तिला मागता येईल.