दोन मणके आणि एक सांगाडा

जबलपूरच्या छावणीजवळ बडा शिमला नावाची एक टेकडी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालील हा मुलूख १८१८ साली इंग्रजांकडे गेला आणि त्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे १८२८ साली, कॅप्टन विल्यम हेन्री स्लीमन या अधिकाऱ्याला या टेकडीच्या परिसरात दगड बनलेली काही हाडे आढळली. ठगांच्या बंदोबस्तामुळे पुढे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले तोच हा स्लीमन होय. त्याला मिळालेल्या अवशेषांत दोन मोठे मणके होते. ते कोणत्या प्राण्याचे असावेत हे सांगणे त्या काळी कोणालाच शक्य नव्हते. इंग्लंडमध्ये मेगॅलोसॉरस व इग्वानोडॉन या लुप्त महाकाय सरीसृपांना नावे मिळून जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती. ‘डायनोसॉर’ हा शब्द तर रिचर्ड ओवेन यांनी त्यानंतर चौदा वर्षांनी, १८४२ साली, बनवला.

स्पिल्सबरी नावाच्या डॉक्टरांमार्फत हे अवशेष १८३२ साली कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचले. काशीच्या इतिहासात हे नाव सुपरिचित आहे. १८२० ते १८३० या काळात प्रिन्सेप काशीच्या टांकसाळीत धातूंच्या पारखीचे काम पाहत असत. त्यांनी त्या नगरीचा नकाशा तयार केला आणि पंचगंगा घाटावरील मशिदीच्या उंच मनोऱ्यांची दुरुस्तीही केली. दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या मोहल्ल्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांनी ते मनोरे पाहिले. आज ते उरलेले नाहीत. याच प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. सांचीच्या स्तूपावरील अनेक छोट्या लेखांच्या शेवटी तीच ती अक्षरे येतात हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यावरून त्यांनी ‘दानं’ हा शब्द ओळखला. लेख पुष्कळ होते, एकाच जागी होते, म्हणूनच हे शक्य झाले. जबलपूरचे मणके मात्र एकाकी होते. त्यांच्याशेजारी ठेवून ताडून पाहावे असे काहीच उपलब्ध नव्हते.

या मणक्यांना नाव मिळण्यास जवळजवळ अर्धे शतक लोटावे लागले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ साली त्यांचा अभ्यास केला. शेपटीच्या या मणक्यांचा पुढील भाग वाटीसारखा खोलगट आणि मागील भाग चेंडूसारखा फुगीर होता. ही रचना विशेष वाटल्यामुळे लायडेकर यांनी या प्राण्यास ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’, अर्थात भारतातील महाकाय सरडा, असे नाव दिले. ग्रीक पुराणांतील टायटन या प्रचंड देवतांवरून हे नाव घेतलेले आहे. भारतात सापडलेल्या डायनोसॉरला मिळालेले हे पहिले शास्त्रीय नाव होय.

तथापि हा पाया कच्चा होता. पुढे अर्जेंटिना, मादागास्कर आदी प्रदेशांत तशाच रचनेचे मणके सापडत गेले. जे लक्षण एका जातीचे म्हणून मानले होते ते एका मोठ्या समूहाचे आहे असे दिसून आले. अखेर २००३ साली जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च या अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला, की केवळ या मणक्यांच्या आधारे टायटॅनोसॉरस ही स्वतंत्र प्रजाती ओळखता येत नाही. मध्यंतरी मूळ अवशेषही दृष्टिआड झाले होते. ते कोठे आहेत हे कोणालाच निश्चित सांगता येत नव्हते. २०१२ साली धनंजय मोहबे व त्यांच्या सहकाऱ्यांना स्लीमनचा मणका कोलकात्याच्या संग्रहात पुन्हा गवसला. जमिनीत सहा कोटींहून अधिक वर्षे टिकलेली वस्तू संग्रहालयाच्या कपाटात हरवावी, हे विचार करण्याजोगे आहे.

ज्या खडकांत हे मणके होते त्यांना नर्मदेवरील लमेटा घाटावरून ‘लमेटा’ हे नाव पडले आहे. हे थर क्रिटेशस कल्पाच्या अखेरचे असून त्यांवर दख्खनच्या लाव्हारसाचा काळा पाषाण पसरलेला आहे. लाव्हाने झाकले गेल्यामुळे ते पुष्कळ ठिकाणी सुरक्षित राहिले, आणि जेथे वरचा पाषाण झिजून गेला तेथे ते उघडे पडले. विदर्भातील वरोऱ्याचा परिसर हे असेच एक ठिकाण होय. तेथील पिसदुरा या गावी नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच हाडे आढळली होती. लायडेकर यांनी १८७९ साली पिसदुऱ्याच्या दोन मणक्यांवरूनही एक जाती स्थापली. तिचीही गत पहिलीसारखीच झाली.

मणक्यांकडून सांगाड्याकडे जाण्यास आणखी शंभर वर्षे लागली. पिसदुऱ्यापासून जवळच डोंगरगाव आहे. तेथील टेकडीवर १९८४ ते १९८६ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सोहनलाल जैन यांनी उत्खनन केले. तेथे मान, पाठ, कंबर व शेपटी यांचे मणके, बरगड्या, खांद्याची व कटीची हाडे आणि पुढच्या पायाची हाडे, असा एकाच प्राण्याचा पुष्कळसा सांगाडा हाती लागला. कवटी व मागचे पाय तेवढे मिळाले नाहीत. जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. २००३ साली त्याला ‘आयसीसॉरस’ हे नाव मिळाले. सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते बनवले आहे. या प्राण्याची मान त्याच्या कुळातील इतरांच्या मानाने आखूड आणि पुढचे पाय लांब होते. ही प्रमाणे सुट्या मणक्यांवरून कोणालाही सांगता आली नसती.

पिसदुऱ्यात हाडांइतकीच मोलाची दुसरी एक वस्तू मिळते. ती म्हणजे विष्ठाश्म, अर्थात दगड बनलेली विष्ठा. सी. ए. मॅटली यांनी १९३९ साली तिच्यावर लेख लिहिला होता. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी या विष्ठाश्मांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, तेव्हा त्यांत गवतांच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे कण आढळले. काही कण तर भात व बांबू यांच्या आप्तवनस्पतींचे होते. गवते डायनोसॉरांच्या अस्तानंतरच खऱ्या अर्थाने पसरली, ही तोवर रूढ असलेली समजूत त्यामुळे बदलावी लागली. सौंदर्य किंवा भव्यता नसल्यामुळे जी वस्तू कोणीही सहज फेकून दिली असती, तिने ही साक्ष दिली.

या दीर्घ कथेतून एक साधे सत्य हाती येते. हाड सापडले म्हणजे शोधास केवळ आरंभ होतो. ते कोणत्या गावी, कोणत्या थरात, किती खोल व कशाच्या सोबत होते याची नोंद झाली आणि ती नोंद हाडाबरोबर टिकली, तरच त्याचा अर्थ पुढच्या पिढीला लावता येतो. वरोऱ्याच्या शेतांत नांगराच्या फाळाला आजही एखादा विचित्र दगड लागण्याचा संभव आहे. असा दगड उचलून घरी नेला, की त्याचा शेजार कायमचा तुटतो आणि तो मणका पुन्हा एकाकी होतो. तो जागीच ठेवून जाणत्या माणसास बोलावणे, एवढे काम कोणीही शेतकरी वा विद्यार्थी करू शकेल. स्लीमनच्या मणक्यांच्या वाट्याला जो शेजार आला नाही, तो पुढच्या हाडांना मिळणे हे अशाच लहान सावधगिरीवर अवलंबून आहे.