कापडाची निवड

पहाटे गाड्या पुसून उदरनिर्वाह करणाऱ्याची पत त्याच्या हातातील कापडावर अवलंबून असते. मोटारीच्या रंगावरील पारदर्शक संरक्षक थर सामान्यतः माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. जुन्या सदऱ्याचे फडके हाताला मऊ लागते. परंतु त्याच्या सपाट विणीत धूळ सामावत नाही, ती रंगावर घासली जाते आणि ओरखडे उठतात. मायक्रोफायबरच्या दाट लवेत मात्र धूलिकण आत शिरतात. म्हणून गाडी प्रथम भरपूर पाण्याने धुवावी, मग असे कापड हलक्या हाताने फिरवावे. त्याचे टोचणारे लेबल आधीच काढावे. जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

पाठगत प्रश्न : धुळीने माखलेली गाडी कोरड्या फडक्याने का पुसू नये?